भामाबाईचं धुराडं

वडूजच्या पूर्वेला माळावर मेंढपाळांची वस्ती आहे. तिथं भामाबाईला नावानं कुणी ओळखत नाही, चुलीवाली म्हणतात. वय साठीला टेकलंय, गुडघे कुरकुरतात, पण गेल्या तीन वर्षांत आसपासच्या वाड्यांवर जेवढ्या बिनधुराच्या चुली बसल्या, त्या सगळ्या तिच्या हातच्या. कुठल्याशा संस्थेच्या बायांनी तिला शिकवलं. माती, भुसा आणि शेण कालवायचं, दोन तोंडांची चूल घालायची, आणि मागून पत्र्याची नळी काढून छपराच्या वर न्यायची. धूर नळीनं बाहेर जातो, पोरांच्या छातीत जात नाही.

एवढंसं काम, पण लोकांच्या गळी उतरवता उतरवता बाई पार थकून गेली. "चूल एका दिसात हुती गं," ती सुनेला सांगायची, "मानसाचं डोस्कं फिरवायला सा म्हयनं लागत्यात." कुणाच्या भाकरीला चव लागत नाही, कुणाला छपरावरची नळी बघवत नाही. सून तयार असली की सासू आडवी येते. मग भामाबाई तिथंच फतकल मारून बसायची, खोकणारं पोर पुढ्यात ओढायची आणि त्या सासूला विचारायची, "आता सांग, भाकरीची चव मोठी का ह्यो?" तशी तोंडाची फटकळच. घरी परतायची तेव्हा मात्र कंबर धरून, भिंतीला टेकत, पाणीसुद्धा मागायचं त्राण नसायचं.

आणि या बाईच्या स्वतःच्या घरात काय चाललं होतं? ऐका.

घरात तीन माणसं. भामाबाई, तिची सून राणी आणि दीड वर्षाची नात शिवांजली. मुलगा बिरदेव मेंढरं घेऊन लोणंदच्या बाजूला गेला की चार-चार महिने तिकडंच. नवरा जोतीराम जाऊन पाच वर्षं झाली. त्याची काळी घोंगडी चुलीच्या वर दांडीला घडी घालून ठेवलेली असते. बिरोबाच्या जत्रेला हीच घोंगडी अंथरायची, तिच्यावर देव मांडायचा, भंडारा उधळायचा. जोतीरामच्या आईनं कातलेलं सूत ते. चुलीचा धूर खाऊन खाऊन घोंगडी अशी झाली होती, की लोकर खाणारी कसर तिच्या वाऱ्याला उभी राहत नव्हती.

तिच्याही घरात नवी चूल बसली, धूर नळीनं निघून जायला लागला, घोंगडीचा धुरकट वास विरत गेला, आणि यंदा दिवाळीच्या सुमाराला भामाबाईनं घडी उलगडली तर काय! काठाला बोट जाईल एवढी तीन भोकं. कसर लागली होती. बाईचा जीव नुसता कळवळला. नवऱ्याचं म्हणून एवढंच तर उरलं होतं घरात. तिनं घोंगडी उन्हात टाकली, घडीत कडुलिंबाचा पाला घातला. आठ दिवसांत चौथं भोक पडलं. मग एका दुपारी राणी पाण्याला गेलेली बघून तिनं शिडी लावली, दुखऱ्या गुडघ्यांनी पत्र्यावर चढली आणि नळीच्या तोंडावर जुनं भगुलं पालथं घातलं. जत्रा होईपर्यंतच ठेवायचं, असं तिनं ठरवलं.

धूर परत घरात कोंडायला लागला. कसर थांबली. राणीचे डोळे लाल व्हायला लागले. तिनं सासूला एकदाच विचारलं, "आत्या, नळी चोंदली का काय?"

"बघते की," भामाबाई म्हणाली आणि दुसऱ्या वाडीवर चूल घालायला निघून गेली.

पौषात शिवांजलीची छाती घरघरायला लागली. थंडीचं आहे म्हणून ओव्याच्या पुरचुंडीनं शेकलं, तेल चोळलं. तिसऱ्या दिवशी पोरीच्या बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, तेव्हा शेजारच्या नानासोच्या जीपमधून तिला वडूजच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या नाकाला ऑक्सिजन लावला, छाती तपासली आणि विचारलं, "घरात धूर असतो का?"

"न्हाई जी," राणी पटकन म्हणाली. "आमच्या आत्याच तर बिनधुराच्या चुली घालत्यात सगळीकडं. आमच्यात कुटला आलाय धूर?"

"मग हे दुसरंच काहीतरी दिसतंय," असं म्हणून डॉक्टरीणबाई कागदावर लिहायला लागल्या.

भामाबाई गप्प बसली असती तर अब्रू राहिली असती, सुनेनं झाकलंच होतं. पण पोरीच्या नाकपुड्या भात्यासारख्या हलत होत्या आणि डॉक्टर भलत्याच वाटेला निघाल्या होत्या.

"आवं, थांबा," ती म्हणाली. "धूर लय हाय आमच्यात. चुलीची नळी म्या झाकलीया. माझ्या हातानं."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी नुसतं लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "घरातला धूर जात नाही तोवर बाळाला तिथं न्यायचं नाही." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं भामाबाईला वाटलं.

बाहेरच्या बाकावर सासू-सून बसल्या. आतून पोरीची घरघर ऐकू येत होती. नानासो नळी मोकळी करायला वस्तीवर गेला होता.

"माझं चुकलं गं," भामाबाई म्हणाली. "तुला बिचारीला ठावं बी नव्हतं."

"ठावं हुतं," राणी म्हणाली.

भामाबाई बाकावरच तिच्याकडं वळली.

"दोनदा शिडी लावून वर गेले मी. भगुल्याला हात लावला आन् तशीच खाली उतरले. मामंजींची घोंगडी हाय म्हनून."

"आगं, मंग बोलली का न्हाईस?"

राणीनं मान वर केली. डोळे अजून लालच होते. "बोलले असते तर तुमी ऐकलं असतं?"

भामाबाईनं पदरानं सुनेचे डोळे पुसले.

"दुसऱ्याच्या घरातल्या सुनंचं ऐकलं असतं, पोरी," ती म्हणाली. "तुजं नसतं ऐकलं."