बांगडीची पिन
कोऱ्या गादीचा वास आला की नगरची ती दुपार आठवते. माझ्या लग्नाची गादी घ्यायला आई शेवगावहून एसटीने आली होती. दुकानदार गादीवर थाप मारून म्हणाला, "मावशी, एक नंबर कापूस आहे." आईने बांगडीला अडकवलेली पिन काढली, शिवण उसवली आणि चिमूटभर कापूस दोन बोटांत ओढून पाहिला. तो लगेच तुटला. मागोमाग रंगीत चिंध्या निघाल्या. "आता ही तुम्हालाच घ्यावी लागेल," तो ओरडला. "जलम कापूस येचन्यात गेला माजा," आई म्हणाली, "ह्येचं सालभरात गोळं व्हतील. तुमीच निजा ह्याच्यावं." परवा माझ्या लेकीसाठी गादी बघताना दुकानदाराने बजावलं, "मॅडम, प्लास्टिक काढायचं नाही." मी बांगडीची पिन काढली.