आईच्या छातीवरच्या निळ्या रेघा

वडील गेले तेव्हा मी चौथीत होते. त्यानंतर आम्ही दोघी, एक खोली आणि आईचं टॉवेलच्या कारखान्यातलं काम. ती कडा शिवायची. संध्याकाळी घरी यायची तेव्हा भुवयांवर, केसांत सुताचा भुगा असायचा. आधी तो झटकायची, मग चूल. तिला अक्षर येत नव्हतं, हजेरीपुस्तकात अंगठा उठवायची. पण आपल्या ओळीत खाडा नाही, एवढं तिला नुसतं बघून कळायचं. तापातसुद्धा ती कामावर गेलेली मला आठवते. मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यातली पहिली. हे मी अजूनही सांगते, कुणी विचारलं नाही तरी.

पुढं माझं लग्न झालं, मुलगी झाली, आई आमच्याकडं राहायला आली. आणि छातीतली गाठ तिनं वर्षभर लपवली. "असल्या जागंचं कुणाला सांगू?" म्हणाली. ऑपरेशन झालं, डावं स्तन काढलं. सलाइनमधली औषधं झाली, केस गेले. मग डॉक्टर म्हणाले, आता शेक, म्हणजे रेडिएशन. मशीनखाली, आठवड्यातले पाच दिवस, एकूण पंचवीस.

पहिल्या दिवशी नुसतं माप घेतलं. स्कॅन करून तिच्या छातीवर निळ्या शाईनं रेघा काढल्या आणि माझ्या हातात सूचनांचा कागद दिला. मी बाहेरच्या बाकावर तो दोनदा वाचला आणि घडी घालून पर्समध्ये टाकला.

"काय लिवलंय गं?" आईनं विचारलं.

"मी वाचलंय ना. मी सांगते तसं कर. तिथं साबण लावायचा नाही."

बस, एवढंच सांगितलं. शिकलेली मी होते.

दुसऱ्या दिवसापासून शेक सुरू झाले. डावा हात डोक्यावर घेऊन हलायचं नाही, एवढंच काम. ऑपरेशननंतर तो हात वर जायचा नाही, म्हणून ती घरी भिंतीवर बोटं चढवायची, रोज थोडी वर. शेकाच्या वेळी खोलीत ती एकटी. आम्हा सगळ्यांना बाहेर काढून जाड दार लावायचे. पाच-सात मिनिटांत ती बाहेर.

"काय बी न्हाय झालं," पहिल्या शेकानंतर ती मला हळूच म्हणाली. "मशीन चालू तरी केल्ती का इचार की."

त्याच आठवड्यात तिनं अंथरूण स्वयंपाकघरात नेलं. माझी तीन वर्षांची मुलगी जवळ गेली की म्हणायची, "आज्जीला बरं न्हाय, लांब बस." मला वाटलं, थकवा. कागदात थकव्याचं लिहिलं होतं.

अकरा शेक झाले आणि दिवाळी आली. मशीनला सुट्टी होती. बार्शीकडून मावशी आली, आईची धाकटी बहीण. पहिल्या आंघोळीला पहाटे तिनंच आईला पाटावर बसवलं. मी अंगणात रांगोळी काढत होते. आतून मावशीचा आवाज आला, "आक्का, ह्ये काय गं? लेकरानं पाटी गिरगटल्यावानी!" त्यावर आई हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. मी उठले नाही. म्हटलं, हसू दे दोघींना.

सुट्टीनंतर आम्ही गेलो. मशीनवरची मुलगी आईला आत घेऊन गेली आणि लगेच बाहेर आली. "रेघा कुठं आहेत?"

मागून आई गाऊन सावरत आली. "साबण न्हाय लावला. ही सांगतीय तसंच केलं. तेल लावलं आन् उटणं."

उटण्यानं मावशीनं रेघा घासून काढल्या होत्या, मायेनं. अंदाजानं शेक देता येत नाही. पुन्हा स्कॅन, पुन्हा माप, मग नव्या रेघा. यात चार दिवस गेले. डॉक्टर चिडले नाहीत, पण म्हणाले, "आजी, यात खाडा चालत नाही."

रिक्षा घराजवळ आल्यावर आई म्हणाली, "खाडा मी कवा केला न्हाय. तुला येवडी बी.ए. केली, येक कागद वाचून दावाय न्हाय झालं व्हय तुला?"

त्या दुपारी मी तिच्यापुढं कागद उघडला. रेघा पुसायच्या नाहीत. तिथं तेल, हळद, उटणं, अत्तर काही लावायचं नाही, डॉक्टर देतील तेवढंच मलम. कातडी काळी पडेल, खाजेल, काखेत सोलवटेल. सैल सुती कपडे घालायचे. ती मान हलवत होती. पुढची ओळ होती: शेक घेऊन घरी आल्यावर अंगात काही उरत नाही, लहान मुलांना जवळ घेता येतं.

"परत वाच."

मी वाचलं.

"आजून येकदा."

मग ती म्हणाली, "मला वाटलं, माझ्या आंगातला करंट लेकराला लागंल."

तीन आठवडे तिनं नातीला हात लावला नव्हता, आणि उत्तर माझ्या पर्समध्ये होतं. तिनं दोन्ही हात पुढं करून मुलीला हाक मारली. मुलगी दारातच थांबली. "आज्जीला बरं नाही," ती म्हणाली. "लांब बसायचं." दोन दिवस ती जवळ गेली नाही. तिसऱ्या दिवशी आपणहून मांडीवर जाऊन बसली. आईनं तिला उजव्या बाजूला घेतलं आणि जेवायची वेळ झाली तरी खाली ठेवलं नाही.

पुढं कातडी काळी पडली, काखेत सोलवटली. रात्रभर आग व्हायची. मी घाबरले की आईच म्हणायची, "लिवलं हुतं की."

दीड वर्षानं आजार हाडांत निघाला. त्या चार दिवसांमुळं का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते नाही म्हणाले. मी ते मानलंय, पण पुरतं नाही. आईनं मला कधी विचारलं नाही. शेवटपर्यंत औषधाची प्रत्येक चिठ्ठी मात्र माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतली.

आई गेली. तिचे पंचवीसच्या पंचवीस शेक पूर्ण झाले होते. रेघा पुन्हा काढल्यानंतर तिनं एकही खाडा केला नाही.