पानावरची रेघ

फोन आला तेव्हा कपाटाची किल्ली माझ्या हातात होती. शनिवार, सकाळची शाळा. प्रयोगशाळेचे कुलूप काढून मी आत शिरलो होतो आणि कोपऱ्यातल्या लाकडी कपाटासमोर उभा होतो. त्या कपाटात गुरुवारी संध्याकाळपासून जास्वंदीची एक कुंडी बंद होती. ती त्या दिवशी उन्हात काढायची आणि संध्याकाळी मालेगावला संगई सरांना फोन करायचा, असे ठरलेले होते. फोन सरांच्या मुलीचा होता. ती म्हणाली, "काका, बाबा गेले. पहाटे." मी "बरं, निघतो" म्हणालो. किल्ली खिशात टाकली, कपाट न उघडताच प्रयोगशाळेला कुलूप लावले आणि मोटारसायकल काढली. कुंडी आत तशीच राहिली, हे मला अर्ध्या रस्त्यात आठवले.

आता त्याला महिना होत आला. सरांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांचे विद्यार्थी डॉक्टर झाले, कृषी अधिकारी झाले, त्यांची भाषा माझ्यापेक्षा चांगली. मी त्यांच्या प्रयोगशाळेतला परिचर. नळ्या धुणे, स्पिरिटचा दिवा भरणे, पानटपरीवरून खायचा चुना आणून त्याची निवळी करून ठेवणे, ही माझी कामे. दहावीला विज्ञानात मी काठावर पास झालेला माणूस. पण एक गोष्ट त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नाही आणि ती सांगण्याचे काम सरांनी माझ्यावर टाकले आहे, म्हणून लिहितो. शाळेचे आणि गावाचे नाव लिहीत नाही, त्यांचा यात दोष नाही.

सर मालेगावच्या जैन घरातले. वडिलांचे किराणा दुकान, भाऊ दुकानात. हे एकटे बी.एस्सी. करून आमच्या खेड्यातल्या शाळेत आले आणि रोज बसने ये-जा करत राहिले. आले तेव्हा प्रयोगशाळेत बरण्यांमधून बेडूक आणि एक साप होता. पहिल्याच आठवड्यात सरांनी त्या बरण्या मागच्या रांगेत सरकवल्या आणि नवीन काही मारून आणायचे नाही, असे मला बजावले. मी विचारले, "मंग पोरायले दाखवाचं काय?" तर म्हणाले, "जीवनप्रक्रिया शिकवाले जीव कायले घ्यायचा? पोरं काय मेलेले हायेत?" आणि खरेच त्यांनी पोरांवरच सगळे शिकवले. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकायला लावायचे, निवळी दुधाळ झाली की श्वसन. मैदानाला एक चक्कर मारून मनगटाची नाडी मोजायला लावायचे, की अभिसरण. गुलछडीचे दांडे निळ्या शाईत उभे करून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी पाकळ्यांवर निळे धागे उमटले की वनस्पतींमधले वहन. झाड श्वास कधी घेते, असे ते दरवर्षी विचारत आणि दरवर्षी वर्ग एका सुरात ओरडे, "रात्री!" मग सर एका पोराला उभे करून म्हणत, "तू दिवसा घेतो की रात्री?" वर्ग हसायचा. मी मागच्या टेबलावर नळ्या धूत असायचो, मलाही हसू यायचे, कारण दहावीच्या पेपरात मीसुद्धा "रात्री" असेच लिहून आलो होतो.

सरांचा लाडका प्रयोग मात्र पानाचा. कुंडी दोन दिवस अंधारात ठेवायची, म्हणजे पानातला साठवलेला स्टार्च संपतो. मग एका पानाला दोन्ही बाजूंनी काळ्या कागदाची पट्टी लावून कुंडी दिवसभर उन्हात ठेवायची. नंतर ते पान तोडून आधी पाण्यात, मग गरम पाण्यात ठेवलेल्या स्पिरिटमध्ये उकळायचे. हिरवा रंग निघून पान फिकट पडते. त्यावर आयोडीन टाकले की ऊन लागलेला भाग निळा-काळा होतो आणि पट्टीखालचा भाग होत नाही. प्रकाश मिळाला तिथेच अन्न तयार झाले, हे डोळ्यांना दिसते. हा पाठ भाद्रपदात यायचा, सरांच्या दशलक्षण पर्वाच्या सुमारास. सर उपास करायचे आणि कपाटाकडे बोट दाखवून म्हणायचे, "दादाराव, आमचा दोघायचा उपास एकदमच सुरू हाय."

सरांची एक वही होती, जाड पुठ्ठ्याची. प्रत्येक प्रयोगाला तीन रकाने: काय केले, काय दिसले, का. फसलेला प्रयोगही त्यात लिहायचे, लाजायचे नाहीत. मी मात्र लाजलो, आणि तेही त्यांच्या वतीने.

झाले ते असे. सरांना शाळेत येऊन काही वर्षे झाली होती. पोषण आहाराचे तांदूळ ठेवायला जागा नव्हती, म्हणून प्रयोगशाळेची अर्धी खोली पोत्यांनी भरली होती आणि उरलेली अर्धीही द्यावी असे तेव्हाच्या मुख्याध्यापकांचे चालले होते. "प्रयोग वऱ्हांड्यातही होतात," असे ते म्हणत. त्यातच तपासणी आली. साहेब वर्ग बघणार, सर पानाचा प्रयोग दाखवणार. आदल्या दिवशी मी एक पान करून पाहिले, तर आयोडीन टाकूनही सगळे पान पिवळट तपकिरी. एक ठिपकासुद्धा निळा नाही. प्रयोग फसला तर खोली गेली, असे माझ्या डोक्यात पक्के बसले. सर तेव्हा उपासाला होते, त्यांना सांगायचे धाडस झाले नाही. दुसऱ्या दिवशी तपासणीच्या वेळी मी मागच्या टेबलावर पान उकळले, आणि धुताना, पट्टीची जागा सोडून, बाकी पानावर खिचडीवाल्या बाईंकडून वाटीत आणलेल्या भाताच्या पेजेचे बोट फिरवले. पेज म्हणजे स्टार्चच. सरांनी आयोडीन टाकले… पान शाईत बुडवल्यासारखे झाले. साहेब "वा" म्हणाले. खोली राहिली, उलट पोती हलली.

एकदा करून थांबायला हवे होते. पण पुढच्या वर्षी पुन्हा आभाळ आले, पुन्हा पेजेची वाटी. असे सतरा वर्षे, सर निवृत्त होईपर्यंत. पेज लावली नाही तर काय होईल, हे मी एकदाही करून पाहिले नाही. पट्टीची कड मात्र माझ्या बोटाला सरळ साधायची नाही. निळा रंग कुठे आत शिरायचा, कुठे अलीकडेच थांबायचा. सर ते पान उजेडाकडे धरून बराच वेळ बघायचे, मुलांना सांगायचे आणि वहीत लिहायचे: "कडा अस्पष्ट. कागदाखालून प्रकाश शिरत असावा." दरवर्षी "असावा". "शिरतो" असे त्यांनी कधीच लिहिले नाही. सतरा वर्गांनी ते वाक्य आपापल्या वहीत उतरवून घेतले, आणि मला मागच्या टेबलावरून मान वर करता येत नसे.

त्याहून कठीण दिवस पुढे असायचा. पर्व संपले की क्षमावाणी. त्या दिवशी सर शाळेत येत, मुख्याध्यापकांपासून सुरुवात करत आणि शेवटी माझ्यापर्यंत येऊन हात जोडत. "दादाराव, वर्षभरात माझ्याकडून काई चुकलं असन, मन दुखलं असन, तर क्षमा कर." परिचरासमोर हात जोडणारा दुसरा शिक्षक मी पाहिलेला नाही. मी "काय सर तुमी" म्हणून त्यांचे हात खाली करायचो. चुकले होते ते माझे. ती पेजेची वाटी तेव्हा बेसिनखाली पालथी असायची. बोलायचा दिवस तोच होता, दरवर्षी समोर येऊन उभा राहायचा, आणि मी दरवर्षी तो जाऊ दिला. हा माझा भित्रेपणा, दुसरे नाव नाही त्याला.

निवृत्तीनंतर दोन-एक वर्षांत सरांची मूत्रपिंडे गेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. तिथेही शेजारच्या खाटेवरच्या माणसाला ते गाळणीचे काम समजावून सांगत, वहिनी वैतागत. निवृत्त झाल्यावर क्षमावाणीला ते मला फोन करायचे. यंदा फोन आला नाही. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली आणि दुसऱ्या दिवशी मीच मालेगावला गेलो. सर पलंगावर पडून होते, पाय सुजलेले, हाताला पट्टी. मला पाहून उठून बसायला लागले आणि बसायच्या आधीच त्यांनी हात जोडले. "काल डायलिसिस होतं बापा, फोन राह्यला. वर्षभरात काई चुकलं असन…"

मी त्यांचे हात धरले आणि सगळे सांगून टाकले. तांदळाची पोती, तपासणी, वाटी, बोट. वहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. सरांनी विचारले,

"किती वर्स?"

"सतरा."

"पहिल्यांदा पान निळं झालं नाई, थे कवा तोडलं होतं?"

"सकाळीच. घाई होती. अन् दोन दिवस आभाळच होतं."

"मंग कसं होईन निळं?" सरांचा आवाज एकदम चढला. आजारात इतका मोठा आवाज कुठून आला कोण जाणे. "ऊनच नाई तर स्टार्च येईन कोठून? मले इचारलं असतं तर एका मिंटात सांगतलं असतं. अन् खोली गेली असती तर वऱ्हांड्यात शिकवलं असतं मी. तुले काय वाटलं, खोलीसाठी शिकवून राह्यलो होतो?"

मला रडू आले. सर थोड्या वेळाने शांत झाले. म्हणाले, "मी तुले क्षमा केली. माह्यं काई नाई. पण त्या पोरायनं जे लिहिलं, त्याचं काय?" मी म्हटले, वहीतली ती पाने फाडतो. तर बोट उगारून म्हणाले, "फाडू नको. खोडू बी नको. एक डाव खरा करून पाह्य. जे दिसन थे खाली लिही, अन् मले सांग. नाई झाला तर नाई झाला म्हून सांग. अन् पोरायले बी सांगा लागन." मी मान हलवली. निघताना त्यांनी मला उरलेला चहा संपवायला लावला.

पुढचे दिवस आभाळ हटेना. मी फोन करून सांगायचो, "सर, आज बी आभाळ हाय." ते म्हणायचे, "असू दे. घाई करू नको, एकदा केली तेवढी पुरे." हसायचे. आता शाळेत नवीन मॅडम आहेत, त्या हा प्रयोग पडद्यावर दाखवतात. त्यांनी परवानगी दिली. शेवटी आकाश मोकळे झाले, गुरुवारी मी कुंडी कपाटात ठेवली आणि सरांना कळवले. "शनिवारी फोन करजो," म्हणाले. शनिवारचे वर लिहिलेच आहे. आपण आणखी दोन दिवस आधी कुंडी ठेवली असती तर… हे मी तेव्हापासून पुष्कळदा मोजून पाहिले आहे. त्यातून काही निघत नाही.

मंगळवारी मी शाळेत परत आलो आणि कपाट उघडले. पाच दिवस पुरा अंधार. दोन पाने पिवळी पडून मातीवर गळाली होती, बाकीची होती तशी. अंधारातले झाड साठवलेले खाऊन दिवस काढते, पण श्वास थांबवत नाही, हे सरांच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकले होते. मी एका पानाला काळी पट्टी लावली, चिमट्यांनी घट्ट केली आणि कुंडी मैदानात नेऊन ठेवली. दिवसभर कडक ऊन. शेवटच्या तासाला मॅडम दहावीचा वर्ग घेऊन आल्या. मी पान तोडले, उकळले, स्पिरिटमधून काढले, गरम पाण्यात धुतले. धुताना माझे बोट सवयीने वाटी शोधायला लागले. मी हात शर्टाला पुसला आणि आयोडीनची बाटली मॅडमकडे दिली. मला ते टाकवले नसते.

पान हळूहळू निळे झाले, नंतर काळपट. मधली पट्टी तशीच फिकट. पुढे वाकलेली एक मुलगी म्हणाली, "काका, रेघ किती सरळ हाय! पट्टीनं मारली काय?" मी पान उजेडाकडे धरले, सर धरायचे तसे. कड सुरीने कापल्यासारखी होती. कागदाखालून काहीही शिरले नव्हते. मग मी त्या मुलांना, मॅडमसमोर, सगळे सांगितले. आधीच्या सतरा वर्गांना एकत्र बोलावणे माझ्याकडून होणार नाही, त्यांच्यासाठी हा लेख. ज्यांनी आपल्या वहीत "कडा अस्पष्ट" लिहिले, त्यांनी ते माझ्या नावावर टाकावे, सरांच्या नाही.

वही अजून प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. सरांच्या अक्षरातली शेवटची नोंद निवृत्तीच्या वर्षाची, तिच्याखाली पान कोरे होते. मॅडम म्हणाल्या, मी लिहू का? मी म्हटले, नको, मला सांगितले आहे. माझे अक्षर वाईट. पहिला रकाना भरला. दुसऱ्यात लिहिले: "ऊन लागलेला भाग निळा-काळा. पट्टीखाली नाही. कडा स्पष्ट." तिसऱ्या रकान्यापाशी थोडा थांबलो. "असावा" लिहायची गरज नव्हती, कारण मला पक्के माहीत होते. 'का' या रकान्यात मी लिहिले: "या वेळी पानाला बोट लावले नाही."