मॅडम मराठीत काय बोलल्या

"रखो उसे. पहले अपने हाथ देखो."

ताईंनी सूरजच्या हातातून बाहुली हिसकावून घेतली. सूरज सतरा वर्षांचा. मल्लाहाचा पोरगा, काशीच्या घाटावर होडी चालवतो. होडीच्या बुडाला लावतात त्या डांबराने नखं काळी. घरी नऊ दिवसांची मुलगी. बाहुली रबराची, खऱ्या बाळाच्या वजनाची, गोरीपान. आधार काढला की मान मागे पडायची. ती मान कशी धरायची, एवढंच त्याला करून बघायचं होतं. वर्ग त्यासाठीच होता. मिसरूड फुटायच्या वयात बाप झालेल्या पोरांना मूल सांभाळायला शिकवायचं, म्हणून ताईंच्या संस्थेने काढलेला.

मग ताई माझ्याकडे वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, "यांना मुलं करता येतात, धरता येत नाहीत. आणि तू काय बघतोस? तूही यांच्यातलाच. निदान पळून गेलास, तेवढी घाण कमी झाली."

हसत म्हणाल्या. कारण भिंतीवरच्या पडद्यावर दिल्लीच्या डॉक्टरीणबाई होत्या, देणगी देणारे पाहुणे होते. त्यांच्यापैकी कोणाला मराठी येत नव्हतं. खोलीतल्या बारा पोरांनाही नाही. त्या खोलीत मराठी कळणारे दोघंच. बोलणाऱ्या त्या आणि ऐकणारा मी.

ताई गेल्यावर सूरजने विचारलं, "चचा, मैडम मराठी में का बोलीं?"

मी म्हणालो, "कह रही हैं, ध्यान से सीखो."

मागून एकजण म्हणाला, "एतना लंबा बोलीं, अउर मतलब एतने?"

सगळे हसले. मीही हसलो. मग बाहुली पुसली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि खोक्यात ठेवली. तसा हुकूम होता. बाहुली फक्त माझ्या हातात राहणार. पोरांनी लांबून बघायचं.

माझं वय पंचेचाळीस. मंगला गौरीच्या देवळाजवळ एका खोलीत एकटा राहतो. ताईंचे पूर्वज मराठी सरदारांबरोबर काशीला आले ते पालखीतून. आमचे त्याच पालखीमागून चालत. पिढ्या गेल्या, अंतर तेवढंच राहिलं. आईने जन्मभर ताईंच्या घरी पाणी भरलं, भांडी घासली. मला संस्थेत नोकरी लागली तीही त्याच ओळखीवर. "आपला माणूस आहे," असं ताई सगळ्यांना सांगायच्या. आपला म्हणजे काय, ते मी कधी विचारलं नाही.

वर्ग आधी नुसता ऑनलाइन होता. प्रत्येकाने आपल्या घरून, आपल्या फोनवर. आता या पोरांच्या घरी आपला असा कोपरा नसतो, आपला फोन कुठून असणार? एकजण चहाच्या टपरीवर बसून ऐकत होता. दोस्तांनी बघितलं, दुसऱ्या दिवसापासून सगळा घाट त्याला 'पापाजी' म्हणू लागला. त्याने वर्गच सोडला. बाकीचे कॅमेरा बंद ठेवायचे. ताई म्हणाल्या, चेहरे दिसले पाहिजेत, पाहुण्यांना फोटो पाठवायचे असतात. म्हणून मी गल्लोगल्ली फिरून पोरं गोळा केली आणि एका खोलीत बसवली. बाई पडद्यावर, पोरं सतरंजीवर, मी मध्ये.

पहिल्याच दिवशी, मुलगी व्हायच्या आधीच, सूरजने विचारलं होतं, अंघोळ घालताना मान कशी धरायची. बाई म्हणाल्या, "चैट में लिखिए." मी दोन बोटांनी टाइप केलं. माझं टाइप होईपर्यंत बाई लसींवर पोचल्या होत्या.

"चचा," एक पोरगा म्हणाला, "तब तक बच्चा अपने से नहा लेगा."

अशी हसरी पोरं. त्यांच्याशी मी खोटं बोललो.

हे खोटं माझ्या तोंडात नवीन नव्हतं. आता तेच सांगायचं आहे. तोवर कोणालाही सांगितलेलं नव्हतं.

मी सतराव्या वर्षी बाप झालो. गीता सोळाची. मंदिराबाहेर तिचे वडील फुलं विकायचे. तिला दिवस गेले, मग घाईघाईने लग्न झालं. सरकारी दवाखान्यात मुलगी झाली. ताईंच्या आईंनी, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, शब्द टाकून खाट मिळवून दिली होती. दुसऱ्या दिवशी त्या बघायला आल्या. माझी आई लगबगीने उठून उभी राहिली. काकू खाटेच्या पायथ्याशी थांबल्या आणि गीताच्या अंगावरून आईला मराठीत म्हणाल्या:

"मुलगी झाली ते बरं झालं. मुलगा असता तर हिने याला सोडलं नसतं. याला पाठव कुठेतरी लांब. वर्षभरात ही आपोआप बापाकडे जाईल."

आई खाली बघत "हो" म्हणाली.

गीताला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. तिने मला हळूच विचारलं, "का कहत हईं?"

मी म्हणालो, "कहत हईं, बिटिया बहुत सुंदर बा."

गीता हसली. काकूंना नीट दिसावं म्हणून तिने फडकं बाजूला केलं आणि बाळाचं तोंड त्यांच्याकडे वळवलं.

मी बाळाला हात लावला नाही. नर्स म्हणाली होती, "बाप ये है? ये तो खुद बच्चा है." सगळा वॉर्ड खिदळला होता. तेव्हापासून मी हात मागे बांधून उभा होतो. आठव्या दिवशी मी सुरतेच्या गाडीत बसलो. तिथल्या कारखान्यातलं काम काकूंनीच बघून दिलं होतं.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, मला ढकललं. गरीब होतो, पोर होतो, मोठ्या लोकांनी ढकललं. ते खरं आहे. पण पुरतं खरं नाही. कोणीतरी ढकलावं म्हणून मी वाटच बघत होतो.

दोन वर्षांनी परत आलो. गीताने ताट वाढलं. मुलगी तिच्या मागे लपली आणि मग लपलेलीच राहिली. शाळेत गेली, लग्न होऊन मिर्झापूरला गेली, माझ्याजवळ आली नाही. गीता पुढे आईच्या हाताखाली राहून मराठी शिकली. चांगली शिकली. दवाखान्यातले ते शब्द तिच्या कानात राहिले असतील का? त्यांचा अर्थ तिला कधीतरी लागला असेल का? मी विचारलं नाही. गीताला जाऊन चार वर्षं झाली. आता विचारायला कोणी नाही. मुलीला रविवारी फोन करतो. "ठीक बा," म्हणते आणि ठेवते.

'निदान पळून गेलास.' ताईंना हे ठाऊक होतं. त्यांच्या घरात ही गोष्ट हसण्यावारी सांगितली जात असणार. त्यांच्या आईंनीच मला पळायला लावलं, हे मात्र त्या गोष्टीत असेलच असं नाही.

पंधरा दिवसांनी पुढचा वर्ग. त्या दिवशी ताई आल्या नाहीत. घरूनच पडद्यावर होत्या. पाहुणेही होते. शेवटी ताई गोड आवाजात म्हणाल्या, "ये हमारे पुराने आदमी हैं. दो शब्द बोलो."

मी उठलो.

"पिछली बार इन लड़कों ने पूछा था, मैडम मराठी में क्या बोलीं. मैंने झूठ बताया था. अब सच बताता हूँ."

आणि सांगितलं. शब्दाला शब्द. मुलं करता येतात, धरता येत नाहीत. मग माझ्याबद्दलचं. पळून गेलास, तेही. घाण, तेही.

पडद्यावरून ताई ओरडल्या, "अरे, काय बडबडतोयस! शुद्धीवर आहेस का?"

मी तेही हिंदीत केलं. "अब पूछ रही हैं, होश में हो क्या."

पोरं हसली. एवढ्यात आमच्या चौकटीत माइकवर आडवी रेघ आली. ताईंनी तिकडून माझा आवाज बंद केला होता. पाहुणे काही ऐकलंच नाही असे माना डोलवत बसलेले. मी दिसत होतो, ऐकू येत नव्हतो.

मी पडद्याकडे पाठ केली. समोर बारा पोरं होती. त्यांच्यात आणि माझ्यात चार हात सतरंजी. तिथे कोणाला माझा आवाज बंद करता येणार नव्हता. मी दवाखाना सांगितला. गीताचा प्रश्न सांगितला, माझं उत्तर सांगितलं. सुरत सांगितली.

कोणी हसलं नाही. एकजण उठला, चपला घालताना म्हणाला, "अउर ई हमनी के सिखइहें!" आणि गेला. त्याच्यामागून आणखी दोघं. बरोबरच होतं त्यांचं.

सूरज बसून होता. म्हणाला, "बिटिया माफ कइलस?"

"नाहीं."

"माफी मँगले रहला?"

"नाहीं."

तो माझ्याकडे बघत राहिला. दया नव्हती त्या नजरेत. मी खोकं उघडलं, पिशवी फाडली, बाहुली त्याच्या हातात दिली. मान मागे पडली. मी दाखवलं, तळवा मानेखाली, बोटं कानामागे. तेही मी नंतर त्याच पडद्यावर बाईंचं बघून शिकलो होतो. या वयात. पडदा वाईट नाही. पण तो पोरांचे हात धरत नाही, आणि ज्यांचा होता त्यांना ते हात धरायचेच नव्हते.

संध्याकाळपर्यंत संस्थेच्या ग्रुपमधून मला काढलं. ताईंचा आवाजी निरोप आला, मराठीत. "तुला आम्ही घरातला समजत होतो." काकूंच्या घरातला मी कोण होतो, ते मला चांगलं ठाऊक आहे.

रविवारी सकाळी मी राजा घाटाच्या पायऱ्यांवर बसणार आहे. चार पोरं आली तर चार, एक आला तर एक. लेकरं घेऊन या, असं सांगितलं आहे. काळ्या नखांनी या. जे येत नाही ते मला येत नाही म्हणून सांगेन, विचारून येईन.

पण त्याआधी उद्या मिर्झापूर. फोन करणार नाही. फोन ती ठेवते, आणि तिने ठेवावा म्हणूनच मी करत आलो. समोर बसेन. काकूंचे शब्द आधी मराठीत सांगेन, मग तिच्या आईच्या बोलीत. मग तिच्या आईला मी काय सांगितलं ते. तिने उठ म्हटलं तर उठेन. पुन्हा ये म्हटलं नाही, तरी पुन्हा जाईन.

माफी मागणार नाही. माफी मागितली की पुन्हा तिनेच मला काहीतरी द्यायचं. ती विचारेल ते सगळं सांगेन. विचारणार नाही तेही.