रफूकाकूंची गर्दी

थेटरच्या जिन्याखाली एक माणूस कसाबसा मावेल एवढी जागा होती. तिथं बसून काकू कपडे रफू करायच्या, म्हणून त्या रफूकाकू. धंदा फाटक्यात सुई घालण्याचा, पण अर्धे लोक यायचे ते पिक्चर कसा आहे हे विचारायला. कारण काकू प्रत्येक नवा पिक्चर पहिल्याच दिवशी बघत, दुपारच्या खेळाला, एकट्या.

"काकू, जाऊ का?" कुणी विचारलं की त्या दातानं दोरा तोडायच्या. "गर्दी चांगली आहे. जा." नाहीतर, "गर्दीत काही दम नाही. पैसे वाचव."

लोकांना वाटे, काकू फिरकी घेतायत. समोरच्या सलूनवाल्याला मात्र त्यांचा राग यायचा, कारण तोही स्वतःला मोठा जाणकार समजे आणि अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला अख्खा पिक्चर ऐकवल्याशिवाय सोडत नसे. "पन्नाशीचा घोडा कॉलेजात घातलाय. आधी पोट वर्गात शिरतं, मागून तो. हिरॉईन त्याची मुलगी शोभते. कुणाला काय काम द्यायचं हे ठरवतं तरी कोण? आणि तो थ्रीडीचा चष्मा. माझ्या चष्म्यावर तो चढवायचा म्हणजे मी पिक्चर बघतोय की वेल्डिंग करतोय?" मग तो रस्त्यापलीकडून ओरडायचा, "काकू, तुम्ही तरी सांगा, हिरो कसा वाटला?"

"हिरो होता का त्यात? असेल बाबा," काकू म्हणायच्या.

आता खरं काय ते सांगायलाच हवं, उगाच झाकून काय करायचंय. काकूंचा एकुलता एक पोरगा लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला होता. एकदा मित्रांच्या नादानं तो कुठल्याशा स्टुडिओत गेला. गोल खोलीत चहूकडे कॅमेरे, मध्ये हा. हस म्हणाले, हसला. रड, पळ, पड, मान वळव. दिवसाचा रोज हातावर ठेवला आणि वाटेला लावलं. त्याचा चेहरा, अंगलट, चाल सगळं काँप्युटरनं उतरवून घेतलं होतं, पुढं हव्या त्या पिक्चरच्या गर्दीत पेरायला. घरी येऊन हे सांगताना त्याची हसून हसून मुरकुंडी वळली होती. त्यानंतर वर्षाच्या आत तो तापानं गेला.

काकूंनी अंथरूण धरलं. घरात त्या आणि त्यांची नणंद, दोघीच. शेवटी नणंदेनं त्यांना ओढूनताणून एका पिक्चरला नेलं, तेवढाच मनाला विरंगुळा म्हणून. आणि तिथं बाजाराच्या गर्दीत, डाव्या अंगाला, पोरगा चालत होता. काकू ताडकन उठून उभ्या राहिल्या. मागचा माणूस म्हणाला, "बाई, खाली बसा, दिसत नाही." काकू बसल्या. तेव्हापासून एकही पिक्चर त्यांनी सोडला नाही.

फोनवर पिक्चर बघणाऱ्यांची त्यांना कीव यायची. गर्दी म्हणजे नुसत्या मुंग्या दिसतात त्यात. त्यांना पडदा हवा मोठा, मागच्या रांगेतल्या माणसाचे डोळे दिसतील असा.

पण हळूहळू त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. स्टुडिओत गेला त्या दिवशी पोराच्या अंगात चौकटीचा शर्ट होता, खांद्यावर काकूंनीच रफू केलेला. पडद्यावरही तोच असे. पहिल्या पिक्चरात रफू इतकं बेमालूम की शोधूनही सापडलं नव्हतं. तिसऱ्या-चौथ्यात एक धागा वर आला. पुढं भोक दिसायला लागलं, मग खांद्याची कातडी. पोराचे गालही बसत चालले होते. काँप्युटरनं उतरवलेला शर्ट जुना कसा होईल? नणंदेला सांगितलं तर ती म्हणाली, "वहिनी, डोळे दाखवून ये एकदा."

आणि गर्दीला पिक्चरात काम तरी काय असतं? इमारत पडली, गर्दी मेली. पूर आला, गर्दी बुडाली. हिरो तेवढा वाचतो. काकूंचा पोरगा दर महिन्याला मरत होता आणि आई तिकीट काढून ते बघत होती. सुरुवातीला दिसला याचाच आनंद इतका की हे त्यांना सुचलंच नाही. सुचलं तेव्हा त्यांना स्वतःची किळस आली, तरी पुढच्या शुक्रवारी त्या गेल्याच. दिसल्याशिवाय राहवत नव्हतं.

मग तो पुलाचा पिक्चर आला. पूल कोसळतो आणि सगळे जिवाच्या आकांतानं पळत सुटतात. काकूंनी तो पहिल्याच दिवशी बघितला. दुसऱ्या दिवशी सलूनवाल्यानं गिऱ्हाइकाच्या गळ्याला वस्तरा लावून ठेवला आणि सुरू झाला, "एवढा पैसा ओतलाय, पण डाव्या कोपऱ्यातला एक जण पळतच नाही हो. सगळे पळतायत, हा ठोंब्या आपल्याकडे तोंड करून उभा. ओठ हलवतोय. कुणी बघितलं कसं नाही?"

काकूंनी हातातली सुई कापडात खोचून ठेवली. म्हणजे ते आपल्या डोळ्यांचे खेळ नव्हते. पोरगा उभा होता आणि काहीतरी बोलत होता. काय, ते मात्र ओळखू आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात पिक्चर कंपनीची एक मुलगी घरी आली. गोड बोलणारी, चपला दाराबाहेर काढून आली. पोराचा चेहरा वापरायची मुदत संपत होती आणि वारस म्हणून आईचा होकार हवा होता. पैसेही मिळणार होते. "फक्त कॅमेऱ्याकडे बघून हो म्हणायचं, काकू. नाही म्हणालात तर एक तारखेला आम्हाला तो पुसावा लागेल. चालू पिक्चरमधूनसुद्धा."

"त्या पुलावर तो पळत का नाही?" काकूंनी विचारलं.

मुलीनं फोनवर तो प्रसंग काढून दाखवला. बोटानं चेहरा मोठा केला. पोरगा सगळ्यांबरोबर पळत होता. "हा बघा. आमच्या ऑफिसातही असाच आहे."

"तुमच्यात पळतो. थेटरात उभा राहतो," काकू म्हणाल्या. मुलीनं फोन पर्समध्ये टाकला. परवा येते म्हणून ती गेली.

ती गेल्यावर नणंद चिडली. "विचार कसला करतेस? लोकांना एका फोटोवर जन्म काढावा लागतो. तुला चालताबोलता दिसतो. हो म्हण आणि मोकळी हो."

दुसऱ्या दिवशी काकूंनी दुकान उघडलं नाही. आधी थ्रीडीचा खेळ बघितला. पूल कोसळला, लोक अंगावर आले, आणि पोरगा हाताच्या अंतरावर येऊन उभा राहिला. पहिला शब्द 'आई' होता. पुढचं ओळखेपर्यंत वरून दगड आले. मग बस बदलून त्या गावाच्या पार दुसऱ्या टोकाला गेल्या, भिंतीएवढ्या पडद्याच्या थेटरात. तिथं पोराचा चेहरा दोन मजली झाला होता. ओठ सुकलेले, सालं निघालेली. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता. आई, मला घरी ने.

काकूंना आवाजाची गरजच नव्हती. दवाखान्यात शेवटच्या संध्याकाळी तो हेच म्हणत होता, याच ओठांनी. आणि काकूंनी त्याच्या कपाळावरचा हात न काढता सांगितलं होतं, "उद्या नेते हं." उद्याचा दिवस उगवायच्या आत तो गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी परत आली तेव्हा काकू कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, "नाही." नणंद आतल्या खोलीत जाऊन रडली. काकूही रडल्या, पण शब्द फिरवला नाही. मुलगी जाता जाता म्हणाली, "एक तारखेपर्यंत आहे तो, काकू. बघून घ्या." एक तारखेला अजून आठवडा होता.

पुढं त्याच संध्याकाळी सलूनवाला तो पिक्चर पुन्हा बघून आला आणि ज्याला त्याला सांगत सुटला, "काढलं एकदाचं त्या ठोंब्याला. कोपरा मोकळा केलाय. आता कसा पिक्चर नीट झाला." पण हे संध्याकाळचं. दुपारी काय झालं ते ऐका.

दुपारच्या खेळाला काकू आपल्या नेहमीच्या थेटरात बसल्या. पूल कोसळला. लोक पळाले. पोरगा उभा राहिला, खांदा उघडा पडलेला. तो बोलायला लागायच्या आत काकू उठल्या आणि हळूच म्हणाल्या, "चल. आज नेते." मागं वळून न बघता त्या दाराशी गेल्या. पिक्चर अर्ध्यात सोडून त्या कधीच उठल्या नव्हत्या. दारावरच्या माणसानं त्यांच्यासाठी दाराचा पडदा बाजूला धरला. त्या बाहेर पडल्या तरी तो तसाच धरून उभा राहिला, आणि पाय मागे घेत कुणाला तरी म्हणाला, "जपून, पायरी आहे."

काकू घरापर्यंत भिंतीच्या कडेनं चालत गेल्या, बाजूला एका माणसाची जागा सोडून. नणंद बाहेर गेली होती. त्यांनी कुलूप काढलं, दार पूर्ण उघडलं आणि स्वतः उंबऱ्याच्या अलीकडेच थांबल्या.

"उशीर झाला रे मला," त्या म्हणाल्या. "जा, आत जा."

मग पदरानं डोळे पुसून त्या त्याच्या मागून आत गेल्या आणि दार लावून घेतलं.