उंबराखालचे तीन दगड

सुरुवातीलाच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आमचं बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं घर. भुतंखेतं, अंगात येणं, उतारे – वडिलांनी यातलं काहीच उंबरठ्याच्या आत येऊ दिलं नाही. त्यात मी नाशिकरोडच्या एका हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवणारा मास्तर. कुणी 'आमच्या गावच्या विहिरीवर...' असं सुरू केलं की मी तिथून उठून जायचो, किंवा त्याच्याशी भांडायचो. बहुतेक वेळा भांडायचोच.

आता रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली. हे लिहावं की नाही, यावर बायकोशी दोन दिवस चर्चा केली. ती म्हणाली, "लिहा. घडलंय ते घडलंय."

साल १९८१. जानेवारीतला रविवार. माझी धाकटी बहीण मालती सातव्या महिन्यात होती आणि माहेरी आली होती. तिचे मिस्टर प्रकाशराव एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. तेही सुट्टी काढून आले होते. मालतीला घरात बसून कंटाळा आला होता, म्हणून आम्ही सहलीला निघालो. मी, माझी बायको सुनंदा, आमची पाच वर्षांची छबी, मालती आणि प्रकाशराव. भाकऱ्या घरून घेतल्या, कोंबडीचा रस्सा मात्र तिथंच चुलीवर करायचा ठरलं. पातेलं, मसाला, पिशवीभर गोवऱ्या आणि बाटलीत थोडं रॉकेल, एवढा सरंजाम.

देवळालीच्या पुढे, घोटीकडे जाणाऱ्या एसटीने एका फाट्यावर उतरायचं आणि मैलभर चालायचं. तिथं टेकड्यांच्या पायथ्याशी एक नाला आहे. जानेवारीतही त्याला पाणी असायचं. नाशिकची माणसं त्या काळी रविवारी हमखास तिकडे जायची. टेकड्यांच्या पलीकडे लष्कराची तोफांच्या सरावाची हद्द. सराव असला की लाल निशाण लागायचं आणि घरात बसून सुद्धा खिडक्यांची तावदानं थरथरलेली कळायची. रविवारी निशाण नसायचं. फाट्यावर एक पाटीही होती – अनोळखी धातूच्या वस्तूला हात लावू नये. ती पाटी आम्ही इतक्या वेळा पाहिली होती की ती दिसायचीच बंद झाली होती.

नेहमीच्या आंब्याखाली त्या दिवशी एक मोठा घोळका ट्रान्झिस्टर लावून बसला होता. म्हणून आम्ही नाल्याच्या कडेकडेने अजून थोडं वर गेलो. तिथं एक उंबर होता. सावली दाट, खाली स्वच्छ जमीन आणि बुंध्यापासून तीन-चार हातांवर तीन दगड. चुलीसारखे, नीट अंतर ठेवून मांडलेले.

"घ्या, चूल पण तयार!" प्रकाशराव म्हणाले.

मला एक गोष्ट तेव्हाच दिसली होती, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही. दगडांवर काजळी नव्हती. एक कणही नाही.

साडेअकरा वाजले असतील. ऊन स्वच्छ, वारा अजिबात नाही. उंबराचं पान हलत नव्हतं. सुनंदा कोंबडी धुवायला नाल्यावर गेली, छबी तिच्या मागे. मी दगडांच्या मध्ये वाळकं गवत, काटक्या, वर गोवरीचे तुकडे रचले आणि काडी ओढली.

काडी पेटली. गवताला लावली – विझली.

दुसरी ओढली. तीही विझली. आता विझणं म्हणजे कसं, ते सांगतो, कारण मी ते अगदी जवळून पाहिलंय. वाऱ्याने ज्योत फडफडते, आडवी होते, मग जाते. ही तशी जात नव्हती. कंदिलाची वात कुणी हळूहळू खाली करावी तशी ज्योत लहान लहान होत जायची... आणि नाहीशी.

पाच-सहा काड्या गेल्यावर प्रकाशराव हसले. "दादा, केमिस्ट्रीचे मास्तर ना तुम्ही?"

ते मला लागलं. मी एक चिंधी रॉकेलमध्ये बुडवून गवतात खोचली आणि पुन्हा काडी लावली. रॉकेलची चिंधी पेटली नाही! प्रकाशरावांनी माझ्या हातातली पेटी घेऊन शेजारीच उभं राहून सिगारेट पेटवली. एका काडीत. मग त्यांनी कागदाचा बोळा पेटवला. चांगला भडकलेला. तो घेऊन ते वाकले आणि दगडांच्या जवळ येईतो तो जाळ बसत बसत विझला. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"इथं काहीतरी गॅस असेल," मी म्हणालो. "कार्बन डायऑक्साइड जड असतो, खोलगट जागेत साठतो."

जागा खोलगट नव्हती. तरी मी गुडघ्यावर बसून, तोंड दगडांच्या मधोमध नेऊन दोन-चार खोल श्वास घेतले. साधी, कोरडी हवा. मातीचा वास. बाकी काही नाही.

एवढ्यात मालती म्हणाली, "वहिनी, नका ना फुंकू, धूर होईल." ती उंबराच्या बुंध्याला टेकून, डोळे मिटून बसली होती.

मी म्हणालो, "वहिनी नाल्यावर आहे."

तिने डोळे उघडले. "मग आत्ता कोण फुंकत होतं? मगापासून ऐकतेय. फू... फू... अगदी चुलीपाशी."

नाल्यावर, पन्नास पावलांवर, सुनंदाची पाठ दिसत होती.

खरं तर तेव्हाच उठायला हवं होतं. पण माणसाला हट्ट चढला की तो ऐकत नाही. मी म्हटलं, आज इथंच पेटवणार. सगळं रॉकेल ओतलं आणि एकदम तीन काड्या धरून खाली वाकलो. त्या वेळी माझ्या मनगटावर, या इथं, गरम श्वास लागला. माणसाचा श्वास. मनगटावरचे केस हलले. तिन्ही काड्या विझल्या आणि कानापाशी आवाज आला – मालती सांगत होती तसाच. दम लागलेल्या माणसाने घाईघाईत फुंकर घालावी तसा.

मी मागे बघितलं. प्रकाशराव दहा हातांवर उभे होते, मालती बुंध्यापाशी. माझ्याजवळ कुणीही नव्हतं.

सुनंदा पातेलं घेऊन आली. तिने माझा अवतार पाहिला, विझलेल्या काड्या पाहिल्या आणि सरळ म्हणाली, "अहो, चला तिकडे मांडू." तिने ती रॉकेलची चिंधी चिमटीत उचलली, वीसेक पावलांवर वाळूत नेऊन ठेवली आणि काडी लावली. भक्कन पेटली. तीच चिंधी, तीच पेटी.

"दगड आणा," ती म्हणाली.

मी दगड उचलायला गेलो. पहिला उचलला, दुसरा उचलला. तिसरा जरा रुतला होता. तो हलवला तशी खालची माती सुटली आणि काहीतरी चमकलं. मला वाटलं भांडं असेल. काटकीने माती उकरली. गंजलेलं, माझ्या पोटरीएवढं जाड लोखंड आणि त्यावर तांब्याचा पट्टा. मी तो पट्टा बोटाने पुसला सुद्धा!

"दादा." प्रकाशरावांचा आवाज इतका हळू होता की मला तोच जास्त भीतीदायक वाटला. "दादा, हात काढा. हळू. तो तोफेचा गोळा आहे."

आम्ही तिथून कसे निघालो, ते मला सलग आठवत नाही. सुनंदाने पेटलेल्या चिंधीवर वाळू लोटली आणि छबीला उचललं एवढं आठवतं. मालतीला पळता येत नव्हतं. तिला दोघांनी धरून आम्ही चालत होतो आणि प्रत्येक पावलाला मी मनात म्हणत होतो, यांना इथं मी आणलं, त्या गोळ्याच्या डोक्यावर मी जाळ करत होतो. चौदा काड्या ओढल्या होत्या. नंतर आठवून मोजल्या.

आंब्याखालच्या घोळक्याला उठवलं. प्रकाशराव त्यांच्यातल्या एकाच्या सायकलवरून लष्कराच्या चौकीकडे गेले. बायकांना मी फाट्यावर पाठवलं आणि स्वतः कुणी तिकडे जाऊ नये म्हणून नाल्याच्या वाटेवर थांबलो.

तिथं एक बाई भेटली. डोक्यावर सरपणाचा भारा, वय पन्नाशीच्या आतलं. नाल्यापलीकडच्या वाडीतली. नाव तिचं ठकूबाई. मी तिला अडवलं, गोळ्याचं सांगितलं.

"कंच्या झाडाखाली?"

"उंबराखाली. तीन दगड मांडलेले होते, त्यांच्या खाली."

तिने भारा टाकला आणि मटकन खाली बसली. म्हणाली, "माझ्या मालकानं पुरला असंल त्यो."

तिचा नवरा सोमा. तोफांचा सराव झाला की हद्दीत चोरून शिरायचं, लोखंडाचे तुकडे वेचायचे आणि भंगारात विकायचे, हा त्याचा धंदा. आलेले पैसे दारूत घालवायचे. तांब्यापितळेला जास्त भाव. एखादी मोठी वस्तू मिळाली की हद्दीबाहेर आणून पुरायची आणि खुणेला तीन दगड ठेवायचे, ही त्याची सवय तिला माहीत होती. मागच्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीत तो तापाने गेला.

"ताप डोक्यात गेला व्हता. दोन दिस नुसतं येकच. चूल पेटवू नको, चूल इझव. मी म्हनलं घरातल्या चुलीचं म्हनतोय. म्या चूल इझवली. तरी वरडायचा. उठून बसायचा आन फुंकर घालायचा, अशी..." तिने ओठ पुढे केले आणि हवेत फुंकर घातली.

मी तिला फुंकरीबद्दल एक शब्दही बोललो नव्हतो. काड्या विझल्या हेही सांगितलं नव्हतं. गोळा सापडला, एवढंच सांगितलं होतं.

"फुंकता फुंकताच गेला," ती म्हणाली. "तवापासून मी आतली चूल पेटीवली नाय. भाईर अंगनात रांधते. मन होत नाय."

मग मी तिला सगळं सांगितलं. तिने मान खाली घालून ऐकलं. रडली नाही. फक्त एकदा विचारलं, "तुमच्यासंगं ल्योक-बाळ व्हतं का?" मी म्हटलं, पाच वर्षांची मुलगी होती आणि बहीण पोटुशी आहे. तिने पदर तोंडाला लावला.

तीनच्या सुमारास लष्कराची गाडी आली. एक वयस्कर सुभेदार आणि चार जवान. सुभेदार एकटाच उंबराकडे गेला, बऱ्याच वेळाने परत आला. "ज़िंदा है," एवढंच म्हणाला. म्हणजे गोळा अजून फुटायचा होता. मग मला बाजूला घेतलं. "मिट्टी का तेल आपने डाला था?"

"हो... हाँ."

"तीलियाँ भी आपने जलाईं? इतनी सारी?"

"हाँ."

"और जला नहीं?"

मी नकारार्थी मान हलवली. तो माझ्याकडे बघत राहिला. काहीतरी विचारावं की नाही, असं त्याचं चाललं होतं. शेवटी म्हणाला, "घर जाइए, मास्टरजी. बच्ची को घर ले जाइए."

त्यांनी वाळूच्या गोण्या रचल्या, आम्हाला टेकडीआड लांब नेलं आणि गोळा तिथंच उडवला. छातीत धडक बसल्यासारखा आवाज झाला. ठकूबाई माझ्या शेजारी उभी होती. धूर वर चढताना तिने त्या दिशेने बघत, घरातल्या माणसाला दटावावं तसं म्हटलं, "झालं आता. जा."

मालतीला मार्चमध्ये मुलगा झाला. दोघं सुखरूप.

त्याच्या आधीच, फेब्रुवारीत एका रविवारी, मी त्या वाडीत गेलो. प्रकाशरावांना ते पटलं नाही. "अहो, गोळा पुरला कुणी? त्यानेच ना? मग आभार कसले?" त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. तरी मी गेलो.

ठकूबाईने मला आत बसवलं. आतल्या चुलीवर चहाचं आधण होतं. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "त्याच सांजेला पेटीवली."

मी कसंबसं म्हणालो की, मी सोमाचे आभार मानायला आलोय. कुणाकडे बघून म्हणायचं ते कळेना, म्हणून तिच्याकडेच बघून म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी मेलेल्या माणसाशी बोलत होतो आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

ती चहा गाळता गाळता थांबली. "जित्तेपनी त्याला कुनी असं बोललं नाय," ती म्हणाली. "समदे शिव्याच द्यायचे. मी पन."

मग कपबशी माझ्यापुढे सरकवून तिने विचारलं, "मास्तर, तुमच्या पुस्तकात याला काय म्हनत्यात?"

मी खूप विचार केला. तेव्हाही, आणि नंतर इतकी वर्षंही. वायू, दमट गवत, भास, योगायोग – सगळं करून पाहिलं. एकही नीट बसत नाही.

"काही म्हणत नाहीत, ठकूबाई," मी म्हणालो.

"मंग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "च्या घ्या. निवंल."