मागच्या डाव्या दारातली फर्र

माझे सासरे तबले लावतात. वाजवतातही, पण वाजवणारे पुष्कळ असतात. हैदराबादेतल्या आमच्या मराठी मंडळींत कुणाचाही तबला उतरला, की तो गवसणीत घालून सिकंदराबादेला आमच्या घरी पोचता होतो. सासरे तो चुंबळीवर ठेवतात, बोटाने काठावर टिचकी मारतात, मान जराशी झुकवतात आणि छोट्या हातोडीने गजऱ्यावर, म्हणजे कडेच्या चामडी वेणीवर, इकडे एक, तिकडे दोन असे ठोके देतात. पंधरा-वीस मिनिटांत तबला बोलायला लागतो. रेल्वेची नोकरी सांभाळून चाळीसेक वर्षं त्यांनी हे केलं.

मी त्यांना मामा म्हणतो. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडे राहतात. त्यांच्या मते आम्ही त्यांच्याकडे राहतो, आणि फ्लॅट कुणाच्या नावावर आहे हे पाहता त्यांचंच बरोबर आहे. मी मूळचा पुण्याचा. कंपनीने इकडे धाडलं म्हणून आलो आणि राहिलो. मला सुरातलं काही कळत नाही. पुण्याचा असल्यामुळे हे कबूल करायला लग्नानंतर नऊ वर्षं लागली.

गेल्या वर्षी मामांना कानाचं यंत्र लागलं. आबिड्सच्या डॉक्टरांकडून ते बसवून घेऊन आम्ही परत निघालो, तेव्हा मी मुद्दाम गाडीत तबल्याचं रेकॉर्डिंग लावलं. यंत्राचं उद्घाटन चांगलं व्हावं, हा एक हेतू. दुसरा हेतू असा की गाडीतले मागचे स्पीकर मी स्वतः, माझ्या हातांनी, व्हिडिओ बघून बसवलेले होते, आणि आता मामांना ते नीट ऐकू येणार होते. मामा मागे डाव्या दाराशी बसले होते. ती त्यांची ठरलेली जागा.

"काहीतरी फर्र करतंय," मामा म्हणाले.

"कुठं?"

"डग्गा खाली उतरला की. घुमला, की मागून फर्र येतं."

मी स्टिअरिंगवरूनच कान दिला. मला काही ऐकू आलं नाही. "मामा, यंत्र नवीन आहे ना," मी म्हणालो. "सुरुवातीला नसलेलं पण ऐकू येतं. सवय व्हायला वेळ द्यायचा." हे मी यंत्राबरोबर आलेल्या माहितीपत्रकाचं पहिलं पान वाचून सांगत होतो, पण आवाज असा लावला होता की मीच ते लिहिलं असावं.

"हौ," मामा म्हणाले. "तसंच असंल."

मामा माझ्याशी इतक्या चटकन कधी सहमत होत नाहीत. डाळीत चिंच किती, इथपासून आमचं वाजलेलं असतं. तिथेच मला काहीतरी कळायला हवं होतं.

पुढे दोन-तीन वेळा ते गाडीत बसले आणि प्रत्येक वेळी फर्र आलीच. त्यांनी यंत्र काढून पाहिलं, फर्र गेली. परत घातलं, आली. म्हणजे फर्र यंत्रातच, नाहीतर कानात, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि मी त्याला पुढच्या सीटवरून मान डोलावली. मग एका रविवारी भजनी मंडळातल्या काकू तबला घेऊन आल्या. आठवड्यावर त्यांचा कार्यक्रम होता. मामांनी गवसणी सोडलीसुद्धा नाही.

"दुसरं कुणी बघा बाई," ते म्हणाले. "माझे कान आता नसलेलं ऐकायला लागले. असल्या कानांवर तुम्ही सूर कसा सोपवणार?"

काकूंना वाटलं थट्टा चालली आहे. त्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या. तबला उचलून गेल्या. मामांनी हातोडी जुन्या चष्म्यांच्या खणात ठेवली आणि खण गुडघ्याने लोटून बंद केला.

संध्याकाळी बायको भाजी निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "बाबांना नसलेलं ऐकू येतं, हे कुणी सांगितलं?"

"असं होतं गं सुरुवातीला. डॉक्टर पण..."

"डॉक्टर म्हणाले, का तुम्ही म्हणालात?"

मी गवारीच्या शेंगा मोडायला घेतल्या. गवार मला आवडत नाही, तरी अर्धा किलो मोडली.

पुढचा महिना घरात ठोक्याचा आवाज नव्हता. मामा पेपर वाचायचे, फिरून यायचे, बायकोने काही विचारलं तर "काय की" म्हणायचे. मोकळ्या खुर्चीच्या दांड्यावर बोटं वाजवायची त्यांची सवय होती, तीही गेली.

मग माझे डोळे तपासायचे निघाले. डॉक्टरांनी थेंब घातले, मला सगळं धूसर दिसायला लागलं, म्हणून गाडी बायकोने चालवायची ठरली. नामपल्लीला तिने रोपवाटिकेसमोर गाडी थांबवली आणि कढीपत्त्याचं मोठं रोप घेतलं. रोप पुढच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा लावला. मला मागे बसवलं. नवी गाडी घेऊन सहा वर्षं झाली होती आणि स्वतःच्या गाडीत मागे बसायची ही माझी पहिलीच वेळ. तीही डावीकडे, कारण उजवीकडे मातीची पोती होती.

बायकोने गाणी लावली. नामपल्लीच्या पुलाखालून निघेपर्यंत ठीक होतं. मग ढोलकीचं एक गाणं लागलं आणि माझ्या मांडीपाशी, दाराच्या पोटातून, कागद थरथरावा तसं काहीतरी फर्र वाजलं.

"थांबव," मी म्हणालो.

"उलटी होतेय का?"

"नाही. गाणं मागे घे."

तिने गाणं मागे घेतलं. फर्र. परत घेतलं. फर्र. मी कसलंही यंत्र घातलेलं नव्हतं. बायकोने आरशातून माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मला धूसर दिसत होता, ते एक बरं झालं.

घरी आल्याआल्या मी मामांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेपरची घडी घातली. "तुम्ही भले माणूस आहात, जावईबापू," ते म्हणाले. "पण खोटं बोलायला अक्कल लागते. राहू द्या."

आता फर्र खरी आहे हे मला पुराव्यानिशी सिद्ध करून दाखवायचं होतं. दुसऱ्या दिवशी मी आबिड्सला गाडीच्या म्युझिक सिस्टिमवाल्याकडे गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा होता. पुढे बसला, आवाज वाढवला आणि माझ्या सेटिंगकडे बघून त्याने जीभ चावली.

"कायकू ऐसा करते साब. बेस पूरा खींचके रखे आप. स्पीकर रोरा."

"रोरा? म्हणजे रडतोय?"

"हौ. जितना हजम होता उतनाच देना ना उसको."

आवाज भरदार यावा म्हणून सहा वर्षं मी बेसचा आकडा शेवटपर्यंत लावून ठेवला होता आणि पाहुण्यांना तो भरदारपणा ऐकवत होतो. त्याने आकडा निम्म्यावर आणला, तेव्हा फाटलेला आवाज एकदम स्वच्छ झाला. गाणाऱ्या बाईचे शब्दही कळायला लागले. ती बाई इतकं काही म्हणते आहे हे मला माहीत नव्हतं. पण मागे जाऊन बसलो, तर दारातली फर्र कमी झाली तरी होतीच. दुकानदार म्हणाला, ही वेगळी भानगड, स्पीकर काढून नवा टाकू. मी हो म्हणणार होतो. पण नवा स्पीकर टाकला आणि फर्र गेली, तरी मामा म्हणणार, माझ्यासाठी खर्च केलात. त्यांचे कान खरे होते हे त्यांना स्वतःलाच ऐकू यायला हवं होतं.

म्हणून रविवारी सकाळी मी त्यांच्यापुढे उभा राहिलो. "मामा, मला दोष सापडत नाहीये. दुकानदारालाही नाही. तुम्ही फक्त खाली या."

"मी येऊन काय करू?"

"जे तबल्याचं करता ते."

ते आत गेले आणि डग्गा काखोटीला मारून आले. हे मला अपेक्षित नव्हतं.

पार्किंगमध्ये ते मागे डावीकडे बसले, मांडीवर चुंबळ, चुंबळीवर डग्गा. मी काचा वर केल्या. "आता ती तुमची सिस्टिम बंद करा," ते म्हणाले.

"मग आवाज कसा येणार?"

"बंद करा हो."

मी बंद केली. मामांनी डग्ग्यावर 'घे' मारला आणि मनगटाचा जोर हळूहळू वाढवत आवाज वर सरकवत नेला. खाली काही नाही. मधे काही नाही. मग एका जागी दार बोललं: फर्र. त्यांनी मनगट तिथेच रोखलं, परत मारलं. फर्र. जरा वर, गप्प. जरा खाली, गप्प. पुन्हा त्या जागेवर, फर्र.

"स्पीकर बंद आहे ना?" मामांनी विचारलं.

"बंद आहे."

"मग रडतंय कोण?"

मामांनी कानातलं यंत्र काढलं, खिशात ठेवलं, डावा हात दारावर सपाट टेकवला आणि उजव्याने परत 'घे' मारला. आता फर्र त्यांना ऐकू येत नव्हती, तळहाताला कळत होती. त्यांनी यंत्र परत कानात घातलं.

"चला," ते म्हणाले. आवाज तबले लावतानाचा होता. "मी वाजवतो. तुम्ही दार दाबा. जिथं दाबल्यावर गप्प होईल, तिथं आहे."

मी बाहेरून दार उघडं धरून आतल्या कव्हरवर तळहात ठेवत गेलो. हँडलपाशी, फर्र. बाटलीच्या खणापाशी, फर्र. चौथ्या मजल्यावरचे तेलुगू शेजारी स्कूटर काढायला आले आणि थबकले. "प्रॅक्टीसा, अंकल?"

"लेदु. रिपेरु," म्हणजे नाही, दुरुस्ती, असं मामा म्हणाले आणि वाजवत राहिले.

खाली, मागच्या कोपऱ्यात, मी तळहात दाबला आणि दार गप्प झालं. काढला, फर्र. दाबला, गप्प.

कव्हर मी खोललं, कारण मागच्या वेळी ते मीच लावलं होतं. आत स्पीकर होता आणि त्याला चार भोकं होती. तिनात स्क्रू होते. चौथं मोकळं. मला स्वच्छ आठवलं: बसवून झाल्यावर एक स्क्रू उरला होता आणि मी बायकोला म्हणालो होतो की हे लोक नेहमी एक जास्तीचा देतात. शिवाय वायरीचा एक जोड लोंबत होता आणि पत्र्यावर टेकत होता. तीन पायांवर उभा राहिलेला स्पीकर त्या एका सुरावर थरथरायचा आणि त्याच्याबरोबर वायर पत्रा वाजवायची.

मामांनी वाकून पाहिलं. "हे कुणी बसवलं?"

"मामा, तुम्हाला माहीत आहे कुणी बसवलं."

"हौ. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

नाक्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून स्क्रू आणला. वायरीसाठी मी टेप शोधत होतो, तर मामांनी खिशातून तबल्याच्या जुन्या वादीचा, म्हणजे चामड्याच्या पट्टीचा, तुकडा काढला आणि वायर दांडीला आवळून बांधली. कव्हर बसवलं. ते परत आत बसले, डग्गा वाजवला. त्या जागेवर गेले, पुढे गेले, मागे आले. दार गप्प.

मी हात पुसायला लागलो.

"अजून एक आहे," मामा म्हणाले. "बारीक. मागं."

मी मागे बसून ऐकलं. मला काहीही ऐकू येत नव्हतं. पहिली फर्र गाडी चालवताना ऐकू आली नव्हती, ही तर दोन फुटांवरून लक्ष देऊनही येत नव्हती. मी खाली उतरलो आणि डिकी उघडली. सतरंजी काढली, पाण्याचा कॅन काढला, सगळं जमिनीवर मांडलं. सुट्या चाकाच्या खड्ड्यात जॅकचा दांडा क्लिपमधून सुटून पडला होता. तो मी क्लिपमध्ये दाबला.

"मारा मामा."

त्यांनी मारला. "गेला," ते म्हणाले.

मी ऑफिसात ही गोष्ट आतापर्यंत चार वेळा सांगितली आहे. पहिल्यांदा सांगितली, तेव्हा दारातला दोष मी शोधला होता आणि मामा मदतीला होते. दुसऱ्यांदा आम्ही दोघांनी मिळून शोधला. आता मी सरळ सांगतो की आमच्या घरात एक असे कान आहेत जे बंद डिकीतला सुटा दांडा सीटवर बसून ओळखतात, यंत्र लावून. ऐकणाऱ्यांना वाटतं मी वाढवून सांगतोय. त्यांना वाटू दे. आयुष्यात एकदाच मला स्वतःचा वाटा कमी करून सांगावा लागतोय.

त्या दिवशी दुपारी मामांनी स्वतः भजनी मंडळातल्या काकूंना फोन केला. मधल्या काळात त्यांचा तबला दुसऱ्या कुणी लावून दिला होता. काकू म्हणाल्या, ठीक आहे, चाललंय. "ठीक आहे म्हणजे उतरलाय," मामा म्हणाले. "घेऊन या."

संध्याकाळी तबला आला. मामांनी खण उघडला, चष्मे बाजूला सारले, हातोडी काढली. मग मला हाक मारून समोर बसवलं. का, ते सांगितलं नाही. टिचकी मारली, मान झुकवली, गजऱ्यावर ठोका दिला, वळवला, पलीकडे एक दिला. बायको दाराशी येऊन उभी राहिली होती. सात-आठ ठोक्यांनंतर मामांनी पूर्ण हात मारला आणि माझ्याकडे पाहिलं.

"लागला?"

"मला विचारताय?"

"हौ."

मी जमेल तितकं नीट ऐकलं. "मला वाटतं लागला."

"नाही लागला," मामा समाधानाने म्हणाले आणि तबला अर्धा फिरवून पुढच्या लाकडी गट्ट्यावर हातोडी टेकवली.